कंबरेचा पट्टा बदलून काय होणार? माल हाताजवळ आणा

"डॉक्टर, कोणत्या कंपनीचा पट्टा चांगला?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. विचारणारा बहुतेक वेळा पंचवीस ते पस्तिशीतला असतो. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव किंवा इकडे कुरकुंभच्या बाजूच्या एखाद्या गोडाऊनमध्ये तो कंत्राटी कामावर असतो. हातात एमआरआयची पिशवी असते, आणि "मणक्यात गॅप आलाय" हे कोणीतरी आधीच सांगितलेले असते. काम काय करता असे विचारले की उत्तर येते, "मशीनवर आहे." मशीनवर असलेल्या माणसाची कंबर का दुखावी, हे घरच्यांनाही कळत नाही. पोती उचलणारा हमाल असता तर कोणी विचारले नसते.

आजचा लेख या "मशीनवर" काम करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. गोडाऊनच्या सुपरवायझरनेही वाचला तर चांगलेच. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. या कंबरदुखीवर दवाखान्यात जेवढे उपचार होतात, त्यापेक्षा जास्त उपचार त्या मशीनवर आणि त्या रॅकवर व्हायला हवेत.

आधी मशीन समजून घेऊ. साधी फोर्कलिफ्ट सगळ्यांनी पाहिलेली असते. तिला वळायला साडेतीन-चार मीटरची मोकळी वाट लागते. जागेचे भाडे वाढले तशा गोडाऊनवाल्यांनी वाटा अरुंद केल्या आणि रॅक उंच केले. अशा अरुंद वाटेत चालणाऱ्या मशीनचा एक प्रकार म्हणजे ऑर्डर पिकर. यात चालवणारा माणूस खाली बसत नाही. तो एका छोट्या फलाटावर उभा असतो आणि मालाबरोबर स्वतःही वर जातो, दोन-तीन मजली घराएवढ्या उंचीवर. तिथे थांबून रॅकमधल्या पॅलेटवरून खोके काढायचे, वळायचे आणि आपल्या मशीनच्या पॅलेटवर ठेवायचे. पुन्हा पुढचा कप्पा. एका शिफ्टमध्ये हे शेकडो वेळा होते.

म्हणजे मशीन माणसाला मालापर्यंत नेते, पण शेवटचा दीड हात माणसालाच गाठावा लागतो. कंबर जाते ती या दीड हातात.

वजन किती, यापेक्षा वजन कुठे

घरी एक प्रयोग करून पाहा. पाच लिटरचा पाण्याचा कॅन पोटाशी धरून उभे राहा. काही वाटणार नाही. आता तोच कॅन हात लांब करून समोर धरा. अर्ध्या मिनिटात खांदे भरून येतील आणि कंबर ताठ होईल. वजन तेवढेच आहे, फक्त ते शरीरापासून लांब गेले. मणका हा तराजूच्या काट्यासारखा आहे. समोरचे वजन जितके लांब, तितके पाठीमागच्या स्नायूंना जास्त ओढावे लागते, आणि ती सगळी ओढ दोन मणक्यांमधल्या गादीवर, म्हणजे डिस्कवर, येऊन पडते. त्यात वाकणे आणि वळणे एकदम आले की गादीच्या मागच्या कडेवर पीळ पडतो. सायटिकाची सुरुवात अनेकदा तिथूनच होते.

याचे एक गणित आहे. अमेरिकेतील नायॉश या सरकारी संस्थेने ते मांडले आणि 1991 साली सुधारले. सगळे काही अनुकूल असेल, म्हणजे वजन कंबरेच्या उंचीवर, शरीरापासून 25 सेंटिमीटरच्या आत, पकड चांगली, वळणे नाही आणि घाई नाही, तर बहुतेक निरोगी माणसांसाठी 23 किलोची मर्यादा. अंतर 50 सेंटिमीटर झाले की ती मर्यादा निम्मी होते. आणि 63 सेंटिमीटरच्या पुढे? शून्य. तिथून काहीही उचलू नये असे हे गणित सांगते.

आता आपल्या गोडाऊनमध्ये या. पॅलेट समजा 100 सेंटिमीटर खोल आहे आणि त्यावर 30 सेंटिमीटरच्या खोक्यांच्या तीन ओळी आहेत. तुमचे घोटे आणि पॅलेटची कड यांत फक्त 15 सेंटिमीटर अंतर धरू. पहिल्या ओळीतले खोके तुमच्यापासून 30 सेंटिमीटरवर येते, मर्यादा साधारण 19 किलो. ठीक आहे. दुसरी ओळ 60 सेंटिमीटरवर, मर्यादा साडेनऊ किलोच्या आसपास. तिसरी ओळ 90 सेंटिमीटरवर, म्हणजे मर्यादेच्या पूर्ण बाहेर. आणि खोके काढताना अंग 90 अंशांत वळत असेल, तर दुसऱ्या ओळीची मर्यादासुद्धा सात किलोच्या खाली येते. हे सगळे शांतपणे, अधूनमधून उचलायचे असेल तर. तासाला शंभर खोके काढायचे असतील तर आकडे आणखी खाली जातात.

कुरकुंभसारख्या ठिकाणी रसायनांच्या गोण्या 25 किलोच्या असतात. म्हणजे सगळे अनुकूल असतानाही त्या मर्यादेच्या वरच आहेत. त्या हाताने आणि तेही मागच्या ओळीतून काढायला लावणे याला काम म्हणत नाहीत.

तळाच्या कप्प्याची गोष्ट वेगळीच आहे. मशीनचा फलाट जमिनीपासून वीतभर किंवा थोडा जास्तच उंच असतो. त्यामुळे जमिनीवरच्या पॅलेटचा सगळ्यात खालचा थर तुमच्या पावलांच्याही खाली येतो. तो काढायला माणूस जितका वाकतो तितका तो जमिनीवर उभा असताना वाकला नसता. दहा मीटर वर काम करणाऱ्याचे सगळ्यांना कौतुक आणि काळजी. पण कंबर धरून माझ्याकडे येणाऱ्यांना मी खोदून विचारतो, तेव्हा चमक भरली तो क्षण बऱ्याचदा तळाच्या कप्प्यावरचा निघतो.

दोन पट्टे

पहिला, कंबरेचा. हा घालून दुखणे टळते का? अमेरिकेत किरकोळ विक्रीच्या दुकानांतील सुमारे 9 हजार कामगारांवर मोठा अभ्यास झाला आणि तो 2000 साली प्रसिद्ध झाला. पट्टा वापरणारे आणि न वापरणारे यांच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. "गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा" या प्रशिक्षणाचीही तीच कथा. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यात अशा नुसत्या शिकवण्याने कंबरदुखी टळते याचा पुरावा मिळाला नाही. मला याचे नवल वाटत नाही. समोर कठडा आहे, पाय ठेवायला जागा नाही आणि खोके मीटरभर आत आहे. गुडघ्यात वाकून तो माणूस काय करणार? भिंतीवरच्या पोस्टरमधल्या माणसाच्या समोर कधीच कठडा नसतो, हे तुमच्या लक्षात आले आहे का? दुखत असताना थोडे दिवस आधार वाटतो म्हणून पट्टा घालायचा तर जरूर घाला. पण कंपनीने पट्टे वाटले म्हणजे काळजी घेतली, असे मी मानत नाही.

दुसरा पट्टा सेफ्टी बेल्ट. तो मात्र जिवाचा आहे आणि त्यात तडजोड नाही. पण हा पट्टा माणसे काढून का ठेवतात, याचा विचार कोणी करत नाही. निष्काळजी आहेत म्हणून? काही असतील. बरेच जण मला सरळ सांगतात की दोरी लावली तर मागच्या ओळीपर्यंत हात पोचत नाही. मग हूक काढायचा, कठड्यावरून वाकायचे, नाहीतर एक पाय पॅलेटवर टाकायचा. पॅलेटची एक फळी कुजकी निघाली किंवा पॅलेट सरकले की मग दवाखान्यात आणण्याचीही वेळ राहत नाही. ज्या कारणाने कंबर जाते त्याच कारणाने माणूस पडतो. माल हाताजवळ आला तर दोन्ही प्रश्न एकदम सुटायला लागतात. म्हणून हे नुसते इंजिनिअरांचे काम आहे असे मला वाटत नाही.

पट्ट्याला लटकलेल्या माणसाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. पडताना पट्ट्याने वाचवले तरी निश्चल लटकत राहिलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांत तो बेशुद्ध पडू शकतो. त्याला लवकर खाली घेणे हाच उपचार. अशा मशीनला खालून फलाट उतरवण्याची आणीबाणीची सोय असते. ती कुठे आहे हे वर जाणाऱ्याला माहीत असून उपयोग नाही, खाली असणाऱ्याला माहीत हवे. खाली घेतल्यावर त्याला आडवे झोपवा, श्वास पाहा आणि 108 ला फोन करा.

मग करायचे काय

मशीन बनवणाऱ्यांनी यावर विचार केलेला आहे. काही ऑर्डर पिकरमध्ये फलाटापासून वेगळे असे पॅलेट वर-खाली करता येते, म्हणजे खोके ठेवायची जागा कायम कंबरेच्या उंचीवर राहते. काहींना दोन्ही बाजूंना उघडणारी फाटके असतात, त्यामुळे पूर्ण वळावे लागत नाही. काहींमध्ये पॅलेट घट्ट पकडून ठेवणारा चिमटा असतो आणि त्यावर सुरक्षितपणे पुढे जाता येते. जमिनीतल्या तारेवर किंवा कडेच्या पट्टीवर चालणारे मशीन असेल तर वाटेत स्टिअरिंग सांभाळावे लागत नाही. दोरीही आपोआप लांब होणारी आणि झटका बसताच अडकणारी मिळते. नवीन मशीन भाड्याने घेताना या गोष्टी मागता येतात. मागत कोणी नाही, कारण भाडे ठरवणारा माणूस त्या फलाटावर कधी उभा राहिलेला नसतो.

पण मशीन न बदलताही बरेच होते. हाताने काढायचा माल तीन ओळी खोल लावू नये. दोन ओळी लावाव्या, नाहीतर अर्धे पॅलेट वापरावे. पॅलेटची कमी खोलीची बाजू वाटेकडे ठेवावी. पुढची ओळ संपली की मागचा माल पुढे ओढायला हूक असलेली लांब काठी द्यावी. ती तर गावातला लोहारही करून देईल. जड आणि रोज लागणारा माल तळाच्या थरात ठेवू नये, किंवा त्याखाली रिकामी पॅलेटे टाकून तो उंच करावा. यात जागा थोडी जाते हे मला मान्य आहे. पण महिन्याला दोन माणसे कंबर धरून घरी बसतात, त्यांचा खर्च कोणत्या खात्यात लिहिता, हेही एकदा मालकांनी पाहावे.

वजन हा नशिबाचा भाग नाही, तो ठरवता येतो, हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव मुळात दवाखाना चालवणारे डॉक्टर. शंभर किलोचे पोते पन्नासवर आणायला हमालांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. 1969 चा माथाडी कायदा अशाच लढ्यांतून आला. तेव्हा प्रश्न किलोचा होता. आता तो सेंटिमीटरचाही आहे.

वर जाणाऱ्यांनी हे पाहावे

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशी पोटी वर जाऊ नका. संकष्टीला रांजणगावच्या गणपतीचा उपवास धरून, सकाळची गोळी घेऊन आठ मीटरवर गेलेल्या माणसाची साखर तिथे उतरली तर काय होईल? उपवास असेल तर गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी आणि कंबर आखडल्यावर मिळणाऱ्या स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी झोप येते. त्या घेतल्यावर मशीन चालवू नका. फिट येण्याचा आजार, चक्कर किंवा नजरेचा दोष लपवू नका. नोकरी जाईल ही भीती मला समजते, पण खाली बसून करायचे कामही गोडाऊनमध्ये असते.

कंबरेत चमक भरली तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आराम पडतो. पूर्ण अंथरूण धरू नका, झेपेल तेवढे चालत राहा, लगेच एमआरआय करायची घाई नको. पण लघवी अडकली किंवा नकळत झाली, बैठकीच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल उचलेनासे झाले, किंवा पडल्यानंतर दुखायला लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर टाकू नका.

कामावर दुखापत झाली तर ती त्याच दिवशी अपघाताच्या नोंदीत लिहायला लावा. ईएसआयचे कार्ड असेल तर कामावरच्या दुखापतीत रजेच्या काळात पगाराच्या साधारण 90 टक्के भत्ता मिळतो. "घरी पाय घसरला" असे लिहून दिलेत तर त्यावर पाणी सोडावे लागेल. ठेकेदार काहीही सांगो, डॉक्टरांना खरे सांगा.

आणि माझ्याकडे कंबर दाखवायला याल तेव्हा एमआरआयच्या फिल्मबरोबर एक कागद आणा. शिंप्याची टेप घेऊन तीन मापे घ्या. फलाटावर उभे राहून मागच्या ओळीतल्या खोक्यापर्यंतचे अंतर, खोक्याचे वजन आणि सगळ्यात खालचा थर पावलांपासून किती वर किंवा खाली आहे ते. एका शिफ्टमध्ये किती खोके काढता हेही लिहा. "हलके काम द्यावे" असा मोघम दाखला सुपरवायझर ड्रॉवरमध्ये टाकतो. "या कामगाराने 50 सेंटिमीटरच्या पुढून वजन काढू नये" असे लिहिले तर त्याला निदान विचारावे तरी लागते की हे जमवायचे कसे.