भंगारात जाणारी चित्रे

दिवाळीची साफसफाई आली की पांढुर्णा-सौंसरच्या घरांतूनही टी.व्ही. गेमच्या जुन्या कॅसेटी निर्विकारपणे भंगारवाल्याच्या तराजूत पडतात. फाटलेली देवाची तसबीर आपण उकिरड्यावर टाकीत नाही. ‘तिच्यात देव आहे, यांत पोरखेळ!’ असे उत्तर मिळेल. परंतु राजा रविवर्म्यांच्या १८९४ साली निघालेल्या छापखान्यातील ज्या चित्रांपुढे घरोघर हात जोडले गेले, त्यांनाही जाणत्या टीकाकारांनी बाजारू ठरविलेच होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे आलेल्या बहुतेक कॅसेटी नकली. वर चित्र एक, आत खेळ भलताच. खरे आहे. पण ‘कॉन्ट्रा’च्या वेष्टनावरील ते बंदूकधारी वीर इंग्लंडच्या बॉब वेकलिनने रंगविले, तेही १९८७ च्या ‘प्रेडेटर’ चित्रपटातील श्वार्झनेगरची ढब उचलून! त्या उसन्या चित्राच्या बिननावी नकला आपल्या बाजारपेठांपर्यंत पोहोचल्या. एवढा प्रवास केलेला कागद कवडीमोल कसा?

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना विकली गेली. हाही आमचा आदर्श नव्हे. जी पेटी कधी उघडलीच नाही, तिच्याशी कोणते मूल खेळले? कोपरे झिजलेल्या आपल्या कॅसेटी संत्र्याच्या एखाद्या रिकाम्या पेटीत ठेवा, मागे मुलाचे नाव व साल लिहा. भंगारवाल्यासाठी मोडके कुलर पुष्कळ आहेत.