ऑनलाइन दुकान : गाळा कोणाचा, वही कोणाची?

मासवणाहून आमच्या एका वाचकाचें पत्र आलें आहे. घर बांबूकाम करणारें. म्हातारा बाप टोपल्या, सुपें, रोवळ्या विणतो. मुलगा बारावीपर्यंत शिकला असून बांबूचे दिवे व आकाशकंदील करतो. सून त्यांवर वारली चित्रें काढते. मुलगा लिहितो, "आम्हांस ऑनलाइन दुकान काढावयाचें आहे. बोईसरचा एकजण एक सॉफ्टवेअर घ्या म्हणतो, मेहुणा दुसरें घ्या म्हणतो, आणि यूट्यूबवर पाहावें तों प्रत्येकजण तिसरेंच सांगतो. आपण एक नांव सांगावें म्हणजे आम्ही तें घेऊं."

नांव आम्ही सांगूं. परंतु पत्राच्या शेवटीं जें चार ओळींत उरकलें आहे तेंच खरें पत्र आहे असें आम्हांस वाटतें. २०२४ च्या गणपतींत या कुटुंबानें एका दुकान बांधून देणाऱ्या गृहस्थास अठरा हजार रुपये मोजले. दुकान झालें, दिवाळींत कंदील खपलेहि. वर्ष सरल्यावर त्यानें पुढील सालाचे पैसे मागितले. ते फार वाटले म्हणून यांनीं घासाघीस केली, तों एके दिवशीं सकाळीं दुकानच दिसेनासें झालें! चौकशी करतां कळलें कीं दुकानाचें इंटरनेटवरील नांव त्या गृहस्थानें स्वतःच्याच नांवें नोंदविलें होतें. गिऱ्हाइकांचे पत्ते त्याच्या खात्यांत. मालाचे फोटोहि त्याच्याच खात्यांत. आतां तें नांव सोडावयास तो बारा हजार मागतो. माल यांचा, घाम यांचा, आणि घरांत उरलें काय? तर एक पावती, तीहि इंग्रजींत.

मासवणच्या लोकांस ही गोष्ट अगदींच नवी वाटूं नये. सूर्या नदी त्यांच्या दारावरून वाहते, आणि मासवणच्याच पंपिंग स्टेशनांतून तिचें पाणी वसई-विरारच्या नळांस जातें. नदी दारांतून वाहिली म्हणजे पाणी आपलें होत नाहीं. कळ कोणाच्या हातीं आहे हें पाहावें लागतें.

आमच्या वाडवडिलांनीं ही कळ वहीच्या रूपानें ओळखली होती. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांत सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले तेव्हां त्यांनीं माणसांच्या जिवावर हात टाकण्यापेक्षां रोखे आणि खतें हुडकून काढलीं व तीं जाळलीं. आपलें बूड कोठें अडकलें आहे हें त्या अडाणी म्हणविलेल्या माणसांस पक्कें ठाऊक होतें. आणि इतकें दूर तरी कशास जावें? याच मुलखांत, डहाणू-उंबरगांवकडे, लग्नासाठीं घेतलेल्या थोड्याशा रकमेपायीं वारली जोडपीं जमीनदाराच्या घरीं वर्षानुवर्षें राबत. त्यांस लग्नगडी म्हणत. कर्ज फिटलें कीं नाहीं हें सांगणारी वही जमीनदाराच्या पेटींत असे. १९४५ च्या वारल्यांच्या लढ्यानें ती पद्धत मोडली.

सॉफ्टवेअर विकणारा आणि सावकार यांस आम्ही एका मापानें मोजीत नाहीं. भाडें घेणें हा गुन्हा नव्हे आणि कोणी मेहनतीनें दुकान बांधून दिलें तर त्याची मजुरी त्यास मिळालीच पाहिजे. परंतु मजुरी घेणें निराळें आणि वही आपल्या पेटींत ठेवणें निराळें. हे गृहस्थ खेड्यांत येतात तेव्हां त्यांच्या तोंडीं अशी कांहीं भाषा असते कीं ऐकणारानें हात जोडूनच बसावें. पूर्वीं मंत्र संस्कृतांत असत. यजमानास त्यांतलें अक्षर कळत नसे, दक्षिणा मात्र नेमकी कळत असे. आतां मंत्र इंग्रजी झाले, इतकाच फरक. आम्ही म्हणतों, जें त्यास मराठींत सांगतां येत नाहीं त्याचे पैसे देऊं नका.

प्रथम नांवाचें पाहूं, कारण घर त्याच ठिकाणीं बुडालें. दुकानाचें इंटरनेटवरील नांव, ज्यास डोमेन म्हणतात, तो तुमच्या दुकानाचा सातबारा आहे. गाळ्यास रंग देण्यासाठीं बोलाविलेला रंगारी सातबाऱ्यावर आपलें नांव चढवूं लागला तर तुम्ही त्यास ओट्यावर उभा कराल काय? साधें नांव वर्षाला हजार रुपयांच्या आसपास मिळतें. तें स्वतः घ्यावें. स्वतःचा ईमेल, स्वतःचा मोबाईल, स्वतःच्या खात्यांतून पैसे. मग दुकान कोणाकडूनहि बांधून घ्या. त्याच्याशीं बिनसलें तर नांव तुमच्या हातीं आहे, तें दुसऱ्या गाळ्यावर लावतां येतें, आणि जुनें गिऱ्हाईक त्याच वाटेनें येतें. नांव एका नोंदणीवाल्याकडून दुसऱ्याकडे न्यावयाचें तर एक गुप्त परवल लागतो, त्यास ऑथ कोड म्हणतात. तो मागितल्यावर जो देत नाहीं त्याची नियत तेथेंच कळली. २०१४ पासून देवनागरींत '.भारत' असें शेपूट लावूनहि नांव घेतां येतें. हौस असल्यास तेंहि घ्यावें, परंतु गिऱ्हाईक मोबाईलवर इंग्रजी अक्षरेंच बडवितें, म्हणून केवळ त्यावर विसंबूं नये.

नांवाची किंमत वारली चित्रें काढणाऱ्या घरास तरी सांगावयास नको. डहाणू तालुक्यांतील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली, वारली चित्रकलेस २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. आणि आज तींच चित्रें यंत्रानें पेल्यांवर, पडद्यांवर छापून ढिगांनीं विकलीं जातात. हातानें काढलेलें कोणतें आणि छापलेलें कोणतें हें दूरच्या गिऱ्हाइकास फोटोवरून कळत नाहीं. तें विश्वास ठेवतें तें नांवावर.

आतां सॉफ्टवेअर. अमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो या बाजारपेठा म्हणजे महालक्ष्मीच्या जत्रेंत पाल ठोकण्यासारखें आहे. गर्दी आयती मिळते, आणि नवख्यास ही सोय थोडी नव्हे. परंतु घेणारा घरीं जाऊन 'अमेझॉनवरून आणला' म्हणतो, 'मासवणच्या अमुकाकडून आणला' म्हणत नाहीं. त्याचा पत्ता तुमच्या वहींत येत नाहीं. शेजारच्या पालास पुढची जागा कां आणि आपल्यास मागची कां, हें विचारण्याची सोय नाहीं. मोठ्या बाजारपेठा ठराविक विक्रेत्यांस झुकतें माप देतात अशी तक्रार झाल्यावरून भारतीय स्पर्धा आयोगानें १३ जानेवारी २०२० रोजीं अमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा हुकूम दिला होता, यावरून काय तें समजावें. एक गोष्ट मात्र लहान माणसाच्या फायद्याची झाली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून, ज्यांची उलाढाल जी.एस.टी. नोंदणीच्या मर्यादेखालीं आहे त्यांस नोंदणीवांचून या बाजारपेठांवर आपल्या राज्यापुरता माल विकतां येतो. पॅन कार्डावर एक नंबर घ्यावा लागतो. राज्याबाहेर मात्र नाहीं. म्हणजे वापी मासवणास पुण्यापेक्षां कितीतरी जवळ, पण कायद्यानें ती परदेशासारखी!

दुसरें भाड्याचें दुकान. कॅनडांतील शॉपिफाय २००६ पासून हा धंदा करते, बेंगळुरूची 'दुकान' कंपनी २०२० सालीं निघाली. अशा आणखीहि आहेत. गाळा तयार, दिवाबत्ती तयार, दुरुस्ती मालकाकडे. भाडें थकलें कीं फळ्या बंद. येथें हिशेब करावा. समजा भाडें महिना पंधराशें आहे आणि तीनशें रुपयांचे दिवे महिन्याला दहा खपतात. प्रत्येक दिव्यामागें दीडशें भाड्यांतच गेले. ही अर्धेलीची शेती झाली, आणि बांबू, रंग, टपाल हें सर्व अजून बाकीच आहे. पैसे वसूल करून देणारी कंपनी कार्डावरील विक्रीवर सुमारें शेंकडा दोन कापते आणि त्या कापणीवर पुन्हा शेंकडा अठरा जी.एस.टी. लागतो. तेच दिवे महिन्याला शंभर खपले तर भाडें दिव्यामागें पंधरा रुपये पडतें, आणि मग कोणी तक्रार करूं नये. आणखी एक पाहावें : अडचण आल्यास हांक कोणास मारावयाची? जुलै २०२३ त 'दुकान' कंपनीच्या संस्थापकांनीं स्वतःच जाहीर केलें कीं, गिऱ्हाइकांच्या शंकांस उत्तरें देणाऱ्या नोकरांपैकीं शेंकडा नव्वद कमी करून तें काम यंत्राकडे सोंपविलें. यंत्र कदाचित् चटकन् उत्तर देत असेल. पैसे भरण्यापूर्वीं आपला एक प्रश्न मराठींत विचारून पाहावा आणि काय उत्तर येतें तें घरांत मोठ्यानें वाचावें.

तिसरें मालकीचें. वूकॉमर्स २०११ सालीं निघालें, तें वर्डप्रेसवर चालतें आणि फुकट मिळतें. कोणी हिरावून घेऊं शकत नाहीं, वही सर्वस्वीं तुमची. पण फुकट मिळालेल्या बैलासहि वैरण लागते. जागेचें भाडें, वेळोवेळीं नवी आवृत्ति चढविणें, चोरांपासून राखण, नक्कल काढून ठेवणें हें सर्व घरच्या माणसावर येतें. मॅजेंटो हें असेंच नामांकित सॉफ्टवेअर. त्याच्या पहिल्या पिढीची देखभाल ३० जून २०२० रोजीं बंद झाली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या दुकानदारांस सर्व मांडणी नव्यानें करावी लागली.

मग ज्यास आज महिन्याला दहाच गिऱ्हाइकें आहेत त्यानें काय करावें? त्यास यांतलें कांहींच नको. व्हॉट्सअॅप बिझिनेसमध्यें मालाची यादी फोटोसह लावतां येते, पैसे यूपीआयनें थेट खात्यांत येतात, आणि पत्ता गिऱ्हाईक स्वतः लिहून पाठवितें. तेंहि परक्याचेंच घर आहे हें विसरूं नये. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं व्हॉट्सअॅप साऱ्या जगांत सुमारें सहा तास बंद पडलें होतें. म्हणून आलेला प्रत्येक पत्ता त्याच दिवशीं कागदाच्या वहींत उतरावा.

माल पोंचल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीविषयीं एक शब्द. आमच्या धंद्यांतील जुनीं माणसें व्ही. पी. परत आल्याची कहाणी सांगत. पुस्तक मागवावयाचें, पोस्टमन दारीं आला कीं 'नको' म्हणावयाचें, आणि जाण्यायेण्याचा खर्च छापखान्याच्या बोडक्यावर. आज तोच प्रकार कॅश ऑन डिलिव्हरी या नांवानें चालतो. बांबूचा कंदील दोनदां गाडींतून हिंदकळला कीं विकण्याजोगा राहत नाहीं. अनोळखी गिऱ्हाइकास ही सवलत देऊं नये, विक्री थोडी घटली तरी चालेल. कांहीं माल तर असा कीं कोणत्याहि सॉफ्टवेअरनें विकूं नये. आमच्या पत्रलेखकास एकानें बहाडोलीचीं जांभळेंहि दुकानांत ठेवण्याचा सल्ला दिला आहे. त्यानें जांभूळ कधीं दुसऱ्या दिवशीं पाहिलेलें दिसत नाहीं.

आतां नांव सांगतों. या घरानें येत्या दिवाळीपर्यंत व्हॉट्सअॅप, यूपीआय आणि स्वतः नोंदविलेलें नवें नांव एवढ्यावर भागवावें. महिन्याला चाळीस-पन्नास मागण्या येऊं लागल्या कीं शॉपिफायसारखें भाड्याचें दुकान घ्यावें. महिन्याच्या कराराचें घ्यावें, तीन वर्षांचें एकदम घेऊं नये. मुलानें आठ तास बांबू तासावा कीं सॉफ्टवेअरचीं ठिगळें लावावीं? म्हणून एकट्या घरास आम्ही वूकॉमर्स सांगत नाहीं. गांवांतील दहा-बारा घरें, बचत गट एकत्र आले, आणि त्यांतील एका मुलास किंवा मुलीस या कामाची रीतसर मजुरी दिली, तर मात्र वूकॉमर्सच घ्यावें, आणि नांव गटाच्या ठरावानें गटाच्या नांवें नोंदवावें, सेक्रेटरीच्या नव्हे. कोणतेंहि घ्या, पहिल्याच दिवशीं दोन खोट्या मागण्या टाकाव्या आणि गिऱ्हाइकांची व मागण्यांची सगळी यादी उतरवून आपल्या मोबाईलवर येते कीं नाहीं तें पाहावें. येत नसेल तर त्याच दिवशीं गाळा सोडावा.

जुन्या नांवासाठीं बारा हजार देऊं नयेत असें आमचें मत आहे. पावती आहे, देवघेवीचे बँकेंतील पुरावे आहेत. ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी, आणि तिचा निकाल लागेपर्यंत हात बांधून बसूं नये.

हें लिहिण्यापूर्वीं आम्हीं उलट टपालीं विचारलें होतें कीं गेल्या दिवाळींतील गिऱ्हाइकांपैकीं एकाचाहि पत्ता घरांत नाहीं काय? उत्तर सुनेच्या हातचें आलें. पार्सलांवर पत्ते तीच लिहीत असे, आणि खाडाखोड होऊं नये म्हणून आधीं मुलीच्या जुन्या शाळेच्या वहींत उतरून घेत असे. ती वही कोणी मागितली नाहीं म्हणून तिनें कधीं दाखविली नाहीं. तींत एकशें सदतीस पत्ते आहेत. तिनें आतां त्यांपुढें एक रकाना आंखला आहे, आणि कोणीं कोणत्या रंगाचा कंदील नेला होता तें आठवून आठवून लिहीत आहे.