सेल तेच, उजेड वेगळा!

दोस्तांनो, या वेळचा प्रश्न नागपूरच्या एका आठवीतल्या मित्राचा आहे. तो लिहितो, "माझे आबाजी काटोलजवळ गावी राहतात. रात्रीच्या पाळीची वीज आली की त्यांना संत्र्याच्या बागेत ओलित करायला जावं लागतं. सारखे सेल विकत घ्यायला नको म्हणून मी त्यांना दोन रिचार्जेबल पेन्सिल सेल दिले. घरी दोन छोट्या बॅटऱ्या आहेत. एक जुनी, हॅलोजन बल्बची. दुसरी नवी, एलईडीची. जुनीत हे सेल झकास चालतात. नवीत मात्र उजेड अगदी मिणमिणता! सेल तेच, मग असं का? आणि आबाजींनी कुठली न्यावी?"

प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण यात नुसती गंमत नाही. पावसाळ्यात बांधावर मण्यार आडवी पडलेली असू शकते. तिथं उजेड हवा म्हणजे हवाच. (आपल्याकडे टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात, म्हणून इथंही बॅटरी म्हणजे टॉर्च आणि सेल म्हणजे सेल. घोळ नको!)

आधी आकडे बघू. साध्या कोरड्या सेलवर छापलेलं असतं १.५ व्होल्ट. रिचार्जेबल सेलवर, मग तो निकेल-कॅडमियम असो की निकेल-मेटल हायड्राइड, असतं १.२ व्होल्ट. दोन सेल मिळून एकीकडे ३, दुसरीकडे २.४. म्हणजे रिचार्जेबल सेल आधीच हरला, नाही का? पुष्कळ दुकानदारही हेच सांगतात.

पण थांबा. दोन सेलच्या बॅटरीतला बल्ब काढून त्याच्या पितळी कडेवर काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक वेळा तिथं ३ नाही, २.५ व्होल्टच्या आसपासचा आकडा सापडेल. सेल ३ व्होल्टचे आणि बल्ब २.५ चा! उरलेला अर्धा व्होल्ट गेला कुठं?

तो सेलच्या पोटातच खर्च होतो. कोरड्या सेलमध्ये बाहेर जस्ताचा डबा, मधोमध कार्बनची कांडी आणि भोवती काळा लगदा असतो. हा काळा लगदा म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड. नागपूरकरांनो, ही तर आपल्या घरचीच वस्तू. १९६२ साली स्थापन झालेल्या 'मॉयल' या कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे, आणि भंडारा जिल्ह्यातल्या तिच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं मँगनीज सेल बनवायला जातं. तर या लगद्यातून वीज बाहेर येताना तिला अडथळा होतो. जितका प्रवाह जास्त मागाल, तितके व्होल्ट आतच वाया जातात.

सोपं गणित करू. दोन कोरड्या सेलचा मिळून अडथळा १ ओहम धरा. बल्ब ०.३ अँपिअरचा असेल तर ०.३ व्होल्ट आत जातात, उरतात २.७. बल्ब खूश! आता त्या जागी जास्त उजेडाचा, ०.८ अँपिअर खाणारा हॅलोजन बल्ब लावा. आता ०.८ व्होल्ट आतच जातात, बल्बच्या वाट्याला २.२ येतात. आणि हे नव्या कोऱ्या सेलचं झालं. सेल वापरला जातो तसा आतला अडथळा वाढतच जातो.

रिचार्जेबल सेलच्या पोटात हा अडथळा फारच कमी असतो. दोघांचा मिळून ०.१ ओहम धरा. ०.८ अँपिअर मागितले तरी जातात फक्त ०.०८ व्होल्ट. २.४ मधून २.३२ उरले. बघा, कागदावर हरलेला सेल बल्ब पेटल्याबरोबर पुढं गेला! शिवाय तो शेवटापर्यंत जवळपास तिथंच टिकतो. २००० मिलिअँपिअर-तासाचा सेल ०.८ अँपिअरवर साधारण अडीच तास चालेल (२ भागिले ०.८, करून बघा). साधे कोरडे सेल एवढ्या खादाड बल्बपुढं तासभरही तग धरत नाहीत.

व्होल्टमधला हा थोडासा फरक किरकोळ समजू नका हं. तारेच्या बल्बला १० टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. उलट १० टक्के जास्त दिले तर उजेड वाढतो खरा, पण बल्बचं आयुष्य सुमारे एक तृतीयांश उरतं.

मग नव्या बॅटरीत काय बिघडलं? बिघडलं काहीच नाही, तिथला दिवाच निराळ्या स्वभावाचा आहे. बल्बची तार कमी व्होल्टवर निदान लालसर तरी पेटते. पांढऱ्या एलईडीला मात्र नीट पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि अडीचच्या खाली तो जवळजवळ संपच करतो. चांगल्या बॅटरीत व्होल्ट वाढवून देणारं छोटं सर्किट असतं, म्हणून ती एका सेलवरही चालते. स्वस्त बॅटरीत दोन सेल थेट एलईडीला जोडलेले असतात. तिथं कोरडे सेल चालतात, कारण प्रवाह थोडा असल्यानं त्यांचे ३ व्होल्ट फारसे घसरत नाहीत. रिचार्जेबलचे २.४ मात्र पुरत नाहीत. तुमची नवी बॅटरी याच जातीची दिसते.

खात्री करायची असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेतून व्होल्टमीटर मागा. दोन सेलच्या जोडीचे व्होल्ट आधी बल्ब न लावता मोजा, मग बल्ब पेटलेला असताना मोजा. दोन्ही प्रकारच्या सेलसाठी आकडे लिहून ठेवा. घसरण किती होते, तिथंच सगळी मेख आहे.

एक गोष्ट मात्र करून बघायची नाही. बाजारात पेन्सिल सेलच्याच मापाचे लिथियम-आयन सेल मिळतात. एकेक ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२! दोन घातले की २.५ चा बल्ब क्षणात उडालाच समजा. कोरडे सेल चार्जरला लावणं हाही तसलाच उद्योग. ते तापतात, फुटतात. आणि जुना-नवा किंवा दोन जातींचे सेल एका बॅटरीत घालू नका, दुबळा सेल त्यात पार मरतो.

आता आबाजींची बॅटरी. माझं मत विचाराल तर बल्बची जुनी बॅटरी आणि रिचार्जेबल सेल. पण या सेलची एक खोड आबाजींना नक्की सांगा. कोरडा सेल संपताना हळूहळू मंद होतो, माणसाला सूचना मिळते. रिचार्जेबल सेल शेवटपर्यंत चांगला उजेड देतो आणि मग एकदम मान टाकतो. बागेच्या मधोमध! त्यात साधे निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात बरीच वीज गमावतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर आणखी लवकर. (ही गळती कमी असलेले सेल २००५ साली जपानच्या सान्यो कंपनीनं बाजारात आणले. तसे मिळाले तर तेच घ्या.) म्हणून दर आठवड्याला ठरलेल्या वारी चार्ज करायचे, आणि खिशात दोन कोरडे अल्कलाइन सेल राखीव ठेवायचे. ते वर्षानुवर्षं टिकतात, आणि साध्या कोरड्या सेलपेक्षा मोठ्या बल्बचा भार बराच जास्त सोसतात. नवी एलईडीची बॅटरीही त्यांच्यावर चालेल. फक्त सेल किल्ल्यांच्या खिशात सुटे टाकू नका, प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत ठेवा. दोन्ही टोकं किल्लीनं जोडली गेली तर सेल खिशातच तापायला लागतो.