मुकादमी करायला शिकवला का?

आमच्या निफाडात दिवाळीचा फराळ आणि पोरांच्या शिक्षणाचा खल बरोबरच चालतो. आमच्या आळीतल्या एका मुलाने स्थापत्याचा डिप्लोमा केला आणि तो एका ठेकेदाराकडे लागला. आता पुढल्या वर्षी पदवीला जावे की नाही, यावर घरात खडाजंगी चालू आहे. वडील म्हणतात, “द्राक्षबागेवर कर्ज काढून शिकवला, तो मुकादमी करायला का?”

या तिरस्काराची मला गंमत वाटते. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा आपल्याकडे केवढा दरारा! ते १८५४ साली निघाले, ते सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी तयार करायला. पदवीधरांचा थाट मागाहून आला. तिथेच शिकून विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई सरकारच्या नोकरीत शिरले आणि त्यांची पहिली नेमणूक झाली आपल्या नाशकास.

आता या मुकादमीत विद्या कोणती, ते ऐका. काँक्रीटमध्ये पाणी जास्त घातले की माल सरसर पसरतो, गवंड्याचे काम हलके होते आणि स्लॅबची ताकद घटते. म्हणून तीस सेंटिमीटर उंचीच्या लोखंडी शंकूत माल भरायचा, शंकू वर उचलायचा आणि ढीग किती खचतो ते मोजायचे. त्याच मालाचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे पाण्यात ठेवून अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात फोडतात. पण तोवर वरचा मजलाही चढायला लागलेला असतो! म्हणजे बापाच्या वयाच्या मिस्त्रीला ‘पाणी पुरे’ असे त्याच क्षणी सांगण्याची छाती लागते. ती परीक्षेत मिळत नाही, उन्हात उभे राहून येते.

भवितव्याचे म्हणाल, तर सुरुवातीचा पगार चांगल्या गवंड्याच्या मजुरीपुढे लाजतो, हे खरेच. डिप्लोमावर सरकारात कनिष्ठ अभियंता होता येते, मात्र जागा थोड्या आणि उमेदवार उदंड. वरच्या परीक्षांना पदवी हवी. खाजगीत काम आहे, पण ते तुमच्या दारी येत नाही. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्ता खुला झाला, की तिथल्या पोरांनी वळकटी बांधायची. लग्न जमवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

आणि बांधून झाले म्हणजे संपले, असेही नाही. आपल्याच तालुक्यातला नांदूरमधमेश्वरचा बंधारा पाहा. कालव्यांसाठी गोदावरी अडवली, पाण्याबरोबर गाळही अडला. त्या गाळाच्या बेटांवर पाखरे उतरली आणि २०२० साली ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. पाखरांचे भले झाले, पण साठा गाळाने खाल्ला तो खाल्लाच. जुने पूल, बंधारे, कालवे तपासून दुरुस्त करणाऱ्यांची गरज पुढे वाढतच जाणार, असा माझा कयास आहे.

वडिलांना मी सांगितले, पदवीला पाठवाच. डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, एक वर्षाचा खर्च वाचतो. पण आत्ताच नोकरी सोडवू नका. अर्ज निघतात पावसाळ्याच्या तोंडाशी, आणि तोवर त्याच्या हातून आणखी पाच-सहा स्लॅब पडतील.