अंधारात सापडणारी गोळी

खेळण्याच्या खोक्यावर जे सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, त्याचाच मुलांना बहुधा सगळ्यात आधी कंटाळा येतो. फोमच्या गोळ्या, म्हणजे डार्ट, मारणाऱ्या नर्फ बंदुकांचंच बघा. २०१४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीनं ‘नर्फ कॅम’ काढली, बंदुकीवरच कॅमेरा आणि छोटा पडदा. पण ऐन लढाईत पडद्यात डोकं घालणाऱ्याला समोरचा सोडतोय होय? २०१९ मध्ये ‘अल्ट्रा’ आली. १२० फुटांपर्यंत मारा, असा कंपनीचा दावा. आमचा हॉल पंधरा फुटांचा. उरलेले फूट कुणाच्या घरात मोजायचे? वर तिचे डार्ट वेगळ्या मापाचे, म्हणजे घरातले जुने तिच्यात चालत नाहीत.

उलट १९७० मध्ये नर्फचा पहिला फोमचा चेंडू आला, तो घरात फेकला तरी काही फुटत नाही एवढ्याच गुणावर खपला. त्याला सेल लागत नव्हते.

म्हणूनच भाच्याला त्याच्या थोरल्या चुलतभावाची ‘रेवन’ ही नर्फ बंदूक मिळाली, तेव्हा मी नाक मुरडूनच ती हातात घेतली. तिची करामत अशी: १८ डार्टच्या मॅगझिनमध्ये दिवे आहेत. त्यांचा उजेड पिऊन डार्ट हिरवे चमकतात आणि सुटल्यावरही थोडा वेळ चमकत राहतात. आपण सरसकट ज्याला ‘रेडियम’ म्हणतो तसलाच लेप, खरं रेडियम त्यात नसतं.

रात्री गच्चीवर ही हिरवी रेघ सुंदर दिसते, यात वाद नाही. पण लढाईच्या दृष्टीनं हे अगदीच गैरसोयीचं. मॅगझिनच लकाकतं, त्यामुळे टाकीमागे लपलेला गडी लांबूनही ओळखू येतो. त्यात डार्ट फेकणारी आतली चाकं मोटरवर फिरतात, ती आधी घरघरवावी लागतात. उजेडही तुमचा, आवाजही तुमचाच! भाचा म्हणतो, “मामा, यापेक्षा साधीच बरी.”

मला मात्र ती पटली, आणि कारण खोक्यावर न छापलेलं आहे. अशी बंदूक मोडून क्वचितच मरते. ती मरते डार्ट संपून. कपाटाखाली, कुंडीमागे, पन्हाळीत एकेक जातो आणि महिन्याभरात बंदूक नुसती शोभेची उरते. इथं खेळ थांबला की हिरवे ठिपके आपणच पत्ता सांगतात. चमक लवकर विझते, म्हणून पोरं लगेच गोळा करायला धावतात. ‘आवरा रे’ म्हणून आईला ओरडावं लागत नाही, हा फायदा कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा मोठा.

तेव्हा घेणार असाल तर पल्ला, पडदा, दिवे सगळं नंतर बघा. दुकानदाराला आधी एवढंच विचारा: याचे सुटे डार्ट मिळतात का, आणि घरातले जुने यात चालतात का? तो गप्प बसला, तर खोकं परत शेल्फवर ठेवा.