अश्वशक्तीचे दोन हिशेब

अमेरिकेतील पाँटिॲक कंपनीने १९६४ साली मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, व्ही-८ इंजिन बसवून ‘जीटीओ’ आणली आणि ‘मसल कार’, म्हणजे साध्या सांगाड्यात दांडगे इंजिन असलेली गाडी, हा प्रकार लोकप्रिय झाला. तिची ३२५ अश्वशक्ती आणि आजच्या फोर्ड एक्सप्लोररवर आधारलेल्या पोलीस गाडीची ४०० अश्वशक्ती शेजारी ठेवणे मात्र फसवे आहे. कारण तेव्हाचा आकडा ‘ढोबळ’ असे, म्हणजे इंजिन गाडीबाहेर काढून, पंखा, जनित्र आणि नेहमीचा सायलेन्सर यांचा भार न घालता मोजला जाई, आणि १९७२च्या सुमारास हा भार धरणारी ‘निव्वळ’ मोजणी रूढ झाली तेव्हा तीच इंजिने कागदावर अशक्त दिसू लागली. आजच्या पोलीस गाडीचे इंजिन तर केवळ ३ लिटरचे आहे. बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर आत अधिक हवा कोंबणारे दोन टर्बोचार्जर त्याला बळ देतात.

तरीही खरे अंतर ब्रेकमध्ये आहे. जीटीओच्या चारही चाकांना तापल्यावर पकड गमावणारे ड्रम ब्रेक होते, तर मिशिगन राज्य पोलीस दरवर्षी घेत असलेल्या पोलीस गाड्यांच्या चाचण्यांत वेगाइतकेच थांबणेही तपासले जाते, आणि भरवस्तीतून धावणाऱ्या गाडीबाबत ही कसोटी अधिक मोलाची मानली पाहिजे. जुन्या इंजिनांचा घनगंभीर आवाज मात्र या नव्या गाडीत नाही, याची हळहळ रास्तच आहे.