शाळा मोबाईलवर भरेल, पण दाखला कोण देणार?

बिरसी (ता. गोंदिया) : धान निघून घरी आला की बिरसी-कामठा भागातले अनेक जण कामासाठी बाहेर पडतात. कोणी नागपूर, कोणी रायपूर, कोणी थेट हैदराबाद. लेकरं सोबत न्यायची की आजीजवळ ठेवायची, हा पेच दरसाल असतोच. अशात मोबाईलवर जाहिरात दिसते : घरबसल्या ऑनलाइन शाळा, हजेरीची कटकट नाही, सर्टिफिकेट घरपोच. फी हप्त्याने. माणूस भुलणारच. पण त्या सर्टिफिकेटावर शिक्का कोणाचा असेल, ते जाहिरातीत बारीक अक्षरातही नसते.

लोकांचा गोंधळ कोरोनापासून झाला आहे. २०२० मध्ये शाळांना कुलूप लागले, अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर आला, दूरदर्शनवर 'टिलीमिली' लागायची. केंद्राच्या 'प्रज्ञाता' सूचनांनी पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास, नववी ते बारावीला चार, अशी हद्दही घातली. पोरं रेंज शोधत कुठं कुठं बसली ते सगळ्यांना आठवते. तरी वर्ष वाया गेले नाही. कारण नाव गावच्या शाळेच्या पटावर होते, निकाल त्याच शाळेने दिला. म्हणजे शिकवणे ऑनलाइन झाले होते, शाळा ऑनलाइन झाली नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि जाहिरातवाले नेमक्या त्याच एक करून दाखवतात.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, ६ ते १४ वयाच्या लेकरांसाठी. त्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा काढता येत नाही. काढली तर एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर रोजचे दहा हजारांपर्यंत. मान्यतेच्या अटी पाहिल्या तर पक्की इमारत, मुलामुलींचे वेगळे संडास, पिण्याचे पाणी, खेळाचे मैदान, आहार शिजवायला खोली. पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस आणि १००० तास. या यादीत मोबाईल अ‍ॅप बसवायचे कुठे? दुपारची खिचडी तर अ‍ॅप देऊच शकत नाही. कायदा लिहिला तेव्हा अशी शाळा कोणाच्या डोक्यात नव्हती. म्हणून लहान लेकरांसाठी निव्वळ ऑनलाइन शाळेचा रकानाच या कायद्यात नाही. खासगी अ‍ॅपवाल्यांचा धंदा याच पोकळीत चालतो. ते स्वतःला शाळा म्हणतात, मान्यता विचारली की 'आमचा अभ्यासक्रम अमुक बोर्डाचा' असे गोलमोल उत्तर देतात. अभ्यासक्रम तर कोणीही वापरू शकतो. मान्यता ही निराळी बाब.

चौदाच्या पुढे चित्र बदलते. केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. दहावीला किमान वय १४. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते, नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. ऑगस्ट २०२१ मध्ये या संस्थेने आभासी मुक्त विद्यालय सुरू केले. वर्षभराने, ३१ ऑगस्ट २०२२ रोजी, दिल्ली सरकारने नववी ते बारावीची ऑनलाइन शाळा सुरू केली आणि देशातली पहिली म्हणून सांगितले. त्यावर एनआयओएसने लगेच कळवले, पहिली आमची. भांडण कोणी जिंको, आपल्या कामाची गोष्ट वेगळीच. दिल्लीच्या शाळेत शिकणे घरून होते, पण परीक्षेला दिल्लीला यावे लागेल असे सुरुवातीलाच सांगितले होते. एनआयओएसची परीक्षाही केंद्रावर जाऊनच. सरकारी ऑनलाइन शाळासुद्धा शेवटी पोराला केंद्रावर बसवते, तेव्हाच कागद देते. घरबसल्या परीक्षा आणि हमखास पास असे कोणी म्हणत असेल तर तिथेच शंका घ्यावी.

आपल्या राज्यानेही २०१७ मध्ये मुक्त विद्यालय मंडळ काढले. शाळा सुटलेल्यांना त्यातून पाचवी, आठवी, दहावीची परीक्षा देता येते. पाचवीला वय १० पूर्ण हवे, आठवीला १३. शिवाय राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म जुनाच आहे. आपल्याकडच्या दहावी-बारावीचा कारभार नागपूर विभागीय मंडळाकडे आहे. हे सगळे रस्ते सरकारी आहेत, पण गावात याची माहिती द्यायला कोणी येत नाही, एजंट मात्र दारात येतो. ही खरी चूक शिक्षण खात्याची.

मुक्त शाळेचा कागद कमी दर्जाचा, हा समज मात्र जुना झाला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोरच्या प्रकरणात, मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना नीट परीक्षेचा रस्ता मोकळा असल्याचे स्पष्ट झाले. अट एकच, विद्यालय मान्यताप्राप्त हवे. 'दहावी आणि बारावी एकाच वर्षात' असे कोणी सांगितले तर ऐकू नये, दोन्हींत साधारण दोन वर्षांचे अंतर लागते. एनआयओएसचा प्रवेश तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर होतो, फीही तिथेच भरता येते. एजंटच्या फोनपेवर पैसे टाकायची गरज नाही.

शाळा खरी की खोटी हे पाहायला तिचा अकरा अंकी यूडायस क्रमांक मागावा. प्रत्येक मान्य शाळेला तो असतोच. 'लवकरच मिळेल' हे उत्तर म्हणजे नाही.

आणि कामावर जाणाऱ्या घरांसाठी तर अ‍ॅपची गरजच नाही. जिथे जाल तिथल्या शाळेत वयानुसार वर्गात बसायचा लेकराला हक्क आहे, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. राज्यात अशा लेकरांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते गावच्या मुख्याध्यापकाकडून घ्यायचे, निघायच्या आधी. गाडीत बसल्यावर आठवून उपयोग नाही.